हायड्रोजन कोणासाठी?



हायड्रोजनच्या गाजावाजात एक साधे सत्य झाकले जाते. कोळशासारखा तो खाणीतून निघत नाही. दुसरी ऊर्जा खर्चून तो मिळवावा लागतो. आज भारतात तो मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून तयार होतो आणि खत कारखाने व तेलशुद्धीकरण यांत खपतो. त्यात एका किलोमागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वच्छ विजेने पाण्याचे विघटन केल्यास हे प्रदूषण टळते. पण किलोमागे ५० युनिटांहून अधिक वीज आणि किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते.

हा मार्ग देशाला नवा नाही. १९६०च्या दशकात नांगलच्या सरकारी खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेवर असाच हायड्रोजन निघे आणि त्याचे खत शेतात जाई. वीज लोकांची, कारखाना लोकांचा, पीकही लोकांचे!

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. निर्यातीचाही मनसुबा आहे. पैसा जनतेचा, जमीन व पाणी गावाचे. मग प्राधान्यक्रम भांडवलदारांनी का ठरवावा?

जेथे वीज थेट वापरता येते, तेथे हायड्रोजनचा वळसा ही उधळपट्टी होय. खत व पोलाद यांची गोष्ट वेगळी. तेथे त्याची खरी गरज आहे. म्हणून आधी देशाचे खत व पोलाद, मग निर्यात; आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून पाण्याचा एक थेंबही नाही, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे.