चुकलेल्या गोळीचे मोल

दुर्ग-भिलाईच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिराला जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती आयुष्यात प्रथमच खरी रायफल येते ती चांदमारीच्या मैदानावर. जमिनीवर पालथे पडून, दस्ता खांद्याशी घट्ट धरून, श्वास रोखून चाप ओढायचा. वाट्याला गोळ्या येतात त्या मोजक्या, पाच किंवा दहा. पहिल्या दोन कोठे गेल्या ते कळत नाही. तिसरी कागदाच्या कडेला लागते, चौथी थोडी आत सरकते, आणि आता काही उमगू लागले असे वाटते न वाटते तोच गोळ्या संपतात. शिबिर आटोपून घरी परतलेल्या अशा एखाद्या मुलाने किंवा मुलीने, ‘मला नेमबाजी शिकायची आहे,’ असे म्हटले, तर पगारावर चालणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न बंदुकीचा उभा राहतो. खरा प्रश्न मात्र नंतर येतो, आणि तो गोळीचा असतो. बंदूक एकदाच घ्यावी लागते. गोळी रोज घ्यावी लागते.

भिलाई हे पगारदारांचे गाव आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखान्याचा पाया घातला गेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कराराच्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या भागाशी मराठी माणसाचा संबंध कारखान्याहूनही जुना आहे. कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आल्या, मैदाने आली. मैदानी खेळांचे प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही पोलाद प्राधिकरणाने येथे चालविली. धावपटूला धावपट्टी लागते, बूट लागतात, सकस अन्न लागते. धावपट्टी वर्षानुवर्षे टिकते आणि बूट काही महिने तरी पुरतात. नेमबाजाचे साधन मात्र एका क्षणात जळून जाते आणि पुन्हा कामी येत नाही. म्हणून काडतुसांच्या टंचाईची आणि महागाईची झळ या खेळाला जशी लागते, तशी दुसऱ्या फारच थोड्या खेळांना लागत असेल.

पन्नास मीटर अंतरावरील रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. हाताच्या करंगळीचे नख जेवढे, जवळजवळ तेवढेच. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत प्रत्येकी वीस, म्हणजे साठ गोळ्या झाडावयाच्या. नेम जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या गोळ्या वेगळ्याच. उडत्या तबकड्यांच्या ‘ट्रॅप’ या प्रकारात प्राथमिक फेरीला १२५ तबकड्या असतात, आणि एकेका तबकडीवर दोन काडतुसे उडविण्याची मुभा असते. परंतु स्पर्धेचा खर्च हा वर्षाच्या खर्चाचा लहानसा अंश होय. खरा खर्च सरावाचा.

साधा हिशेब मांडून पाहावा. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला शंभर गोळ्या आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर वीस हजार गोळ्या होतात. उदाहरणादाखल एका गोळीला पंचवीस रुपये धरले, तर पाच लाख रुपये झाले. गोळीमागे पाच रुपये वाढले की वर्षाचा खर्च एक लाखाने वाढतो. दुकानातील फळीवर पाच रुपयांची वाढ दिसते. घराच्या अंदाजपत्रकात मात्र ती बहिणीच्या शिक्षणाशेजारी येऊन बसते.

ही किंमत का वाढते आणि माल का मिळेनासा होतो, हेही समजून घेतले पाहिजे. .२२ बोअरची गोळी दिसायला साधी असते. पितळेचे नळकांडे, त्याच्या काठात भरलेले स्फोटक मिश्रण, चिमूटभर दारू आणि सुमारे अडीच ग्रॅम वजनाचे शिसे. पण तिच्यातील धूरविरहित दारूचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज हा आहे. तो कापसाच्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून तयार होतो, आणि तोफांच्या दारूलाही तोच लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोपातील दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे लष्करी मागण्यांची रीघ लागली आणि कच्च्या मालाची ओढाताण सुरू झाली. रणांगणावरील तोफ आणि क्रीडांगणावरील रायफल एकाच कोठारातून भाकरी मागू लागल्यावर आधी कोणाचे पान वाढले जाणार, हे सांगायला नको.

याआधीही असे प्रसंग आले होते. अमेरिकेत २०१३ साली शस्त्रांवर नवे निर्बंध येतील या धास्तीने नागरिकांनी काडतुसांचा साठा केला, आणि .२२ बोअरच्या साध्या गोळ्याही दुकानांतून दिसेनाशा झाल्या. २०२० साली महामारीच्या काळात तीच गोष्ट घडली. त्याच वर्षी रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्या वर्षी भारतात चांदमारीची मैदाने टाळेबंदीमुळे ओस पडली होती. ती उघडल्यावर आयात मालाची वाट पाहण्याची पाळी आली. आपले अव्वल नेमबाज स्पर्धेसाठी इंग्लंडच्या एलीच्या किंवा जर्मनीत बनणाऱ्या गोळ्या पसंत करतात. त्यामुळे परदेशातील टंचाई आणि रुपयाची घसरण या दोहोंचा भार त्यांच्यावर एकदमच पडतो.

हा उद्योग आपल्या देशाला अपरिचित आहे असे मात्र नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथे तयार झालेल्या नागरी वापराच्या काडतुसांवरील ‘के. एफ.’ ही अक्षरे भारतातल्या जुन्या परवानाधारकांना चांगली परिचित आहेत. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही दारूगोळ्याचाच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे आले. परंतु सैन्याची गरज भागविणे आणि स्पर्धेच्या दर्जाची गोळी बनविणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत. स्पर्धेच्या गोळीत वजनाचा, दारूचा आणि वेगाचा सूक्ष्म फरकही चालत नाही.

येथे टंचाईचा एक दुष्परिणाम असा आहे, की तो बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या गोळ्यांतही प्रत्येक घाण्याचा गुण थोडा वेगळा असतो, आणि प्रत्येक नळीची आवडही वेगळी असते. म्हणून नेमबाज निरनिराळ्या घाण्यांतील गोळ्या आपल्या रायफलमधून झाडून पाहतो आणि जिच्या खुणा कागदावर सर्वांत जवळजवळ उमटतात, त्या घाण्याचा साठा वर्षभरासाठी घेऊन ठेवतो. टंचाईच्या दिवसांत निवडीची ही मुभा उरत नाही. मिळेल ते घ्यावे लागते. मग गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर गेली तर चूक हाताची की गोळीची, हे कळत नाही. आणि चूक कोठे झाली हे ज्याला कळत नाही, त्याला ती सुधारता येत नाही.

नेमबाज यावर उपाय करीतच असतात. काडतूस न भरता नुसता चाप ओढण्याचा कोरा सराव जगभरचे मोठे नेमबाज करतात. नळीची वाट कशी हलते हे प्रकाशकिरणांच्या साहाय्याने पडद्यावर दाखविणारी यंत्रेही आता आहेत. दहा मीटरवरून झाडावयाच्या हवेच्या रायफलचा छर्रा .२२ च्या गोळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, आणि ४.५ मिलिमीटरच्या साध्या हवाई बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाही लागत नाही. आपल्याकडे इतकी मुले हवाई प्रकारांकडे वळतात, त्यामागे हेही एक कारण आहे. परंतु कोऱ्या सरावात खांद्याला धक्का बसत नाही, आणि बंद दालनातील दहा मीटरच्या नेमाला वाऱ्याशी झुंजावे लागत नाही. पन्नास मीटरवर निशाणाजवळची फडकी हलताना पाहून नेम किती सरकवावा, ही विद्या गोळ्या झाडून आणि चुकूनच येते.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. काडतूस ही साखरेसारखी खुल्या बाजारात विकण्याची वस्तू नव्हे. नक्षलवादी हिंसाचाराचे चटके सोसलेल्या छत्तीसगढसारख्या राज्यात एकेका गोळीची नोंद ठेवली जाते, आणि ती ठेवलीच पाहिजे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सावधपणाला दोष देणे सोपे असते. एक पेटी चुकीच्या हाती पडली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. खेळाडूंना काडतुसांच्या मर्यादेत सवलत देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि २०२० साली ती अधिक उदार करण्यात आली. पण मर्यादा वाढली म्हणून ऐपत वाढत नाही. ज्याला वर्षाला पाच हजार गोळ्याही परवडत नाहीत, त्याला अधिक गोळ्या घेण्याची परवानगी मिळून उपयोग तो कोणता?

महाराष्ट्राने या गोष्टीचा अनुभव घेतला आहे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवल्याची आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. तो खर्च प्रवासाचा होता. आखाड्यातील माती गावचीच होती. पुढे बहात्तर वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, त्याच कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. मुलाचा सराव गोळ्यांवाचून थांबू नये म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढले होते, ही हकीकत तेव्हा वृत्तपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाली. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्यांना घडविले, आणि २०१५ साली मध्य रेल्वेच्या नोकरीने आधार दिला. रेल्वेचे रूळ भिलाईने पुरवावेत आणि रेल्वेने नेमबाज सांभाळावा, हा योगायोग असेल. पण महागडा खेळ सामान्य घरात टिकायचा तर सार्वजनिक संस्थेचा खांदा लागतो, एवढे त्यावरून दिसते.

मात्र हा खांदा मिळतो तो बहुधा गुण दिसून आल्यावर. कसोटीचा काळ त्याच्या आधीचा असतो. पहिल्या हजार-दोन हजार गोळ्यांत कोणाचाच गुण दिसत नाही. त्या चुकण्यासाठीच असतात. गोळी महागली की नेमके याच गोळ्यांवर पाणी सोडावे लागते. पदकविजेत्याचा साठा कसाही करून भरला जातो, आणि नवशिक्याला मात्र प्रत्येक चापापूर्वी किंमत आठवते. किंमत आठवून ओढलेल्या चापाला बोट कापते, आणि नेम चुकतो.

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून जाते. एके काळी संस्थानिकांच्या शिकारखान्यात रमलेली ही विद्या नागरिकांच्या हाती यावी, यासाठी तो उद्योग आरंभिला गेला होता. तो पुरा करावयाचा तर जिल्ह्याच्या चांदमारीवर काडतुसांचा सामायिक साठा असावा; तो कुलूपबंद असावा, मोजलेला असावा, रिकामी नळकांडी परत घेऊनच पुढची पेटी दिली जावी, आणि त्यातील काही भाग केवळ नवशिक्यांसाठी राखून ठेवावा. घरोघरी साठे होण्यापेक्षा अशी व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरी. देशी कारखान्यांनी स्पर्धेच्या दर्जाची गोळी नित्याने पुरविली, तर दूरदेशीच्या युद्धाने येथील सराव थांबणार नाही.

छात्रसेनेच्या शिबिरात ज्याची पाचवी गोळी वर्तुळाच्या काठाला लागली, त्याला सहावी मिळावी. ती कदाचित चुकेल. पण ती का चुकली, हे त्याला पाहावयास मिळाले, तर त्या गोळीचे मोल वसूल झाले असे समजावे.