ओझे कुणाचे, डोके कुणाचे?

(नवी मुंबईतील साक्षरता वर्गात पालकांपुढे केलेले भाषण)



आज पाट्या जरा बाजूला ठेवा. आज आपण आपल्या मुलांविषयी बोलू. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले हायस्कुलात जातात. कुणाचा मुलगा आठवीत आहे, कुणाची मुलगी दहावीला बसणार आहे. आई इथे अक्षरे गिरवते आणि मुलगी घरी बीजगणित सोडवते. ही मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे.

पण ह्याच घरांतून एक तक्रार ऐकू येते. “पोरगं हल्ली धड बोलत नाही. जेवत नाही. काही विचारलं की अंगावर येतं.” आपण म्हणतो, वयच तसं आहे. कुणी म्हणतो, मोबाईलनं बिघडवलं. दोन्हींत थोडे खरे आहे. पण मुलाच्या मनावर ताण आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही.

ताण म्हणजे काय? कोळीबांधव होडी दोराने बांधतात. दोर अगदी सैल सोडला तर होडी वाहून जाते. फार ताणला आणि वर भरतीचे पाणी चढले, तर दोर तुटतो. मनाचेही तसेच आहे. परीक्षेची थोडी भीती असली म्हणजे मुलगा अभ्यासाला बसतो. ती भीती वाईट नव्हे. त्या वेळी छाती धडधडते, हाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. शरीर कामाला तयार होत असते. काम झाले की धडधड थांबते. परंतु हीच धडधड रोज, महिनोन्‌महिने चालू राहिली, तर झोप उडते, भूक मरते, डोके दुखते, आणि वाचलेले लक्षात राहत नाही.

मग हा ताण येतो कुठून? एकेक कारण पाहू.

पहिले कारण आपल्याच घरात आहे. ते म्हणजे आपली आशा.

नवी मुंबईची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाले. ठाणे जिल्हा आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासळी कमी झाली. आगरी-कोळी आईबापांनी मुलाला सांगितले, “आता जमीन नाही. शिकलास तरच निभावशील.”

दुसरीकडून सातारा-सांगलीचे कष्टकरी मुंबईला आले. गोदीत आणि बाजारात त्यांनी पाठीवर पोती वाहिली. १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सोबत्यांचा लढा होता. पुढे घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले. माथाड्यांची घरे कोपरखैरणे-घणसोलीला झाली. ह्या बापानेही मुलाला हेच सांगितले, “मी ओझं वाहिलं, तू वाहू नकोस. शिक.”

दोघांचेही म्हणणे खरे. दोघांचीही माया खरी. पण मुलाच्या कानावर काय पडते, पाहा. त्याला ऐकू येते, “जमीन गेली, त्याची भरपाई तू कर. बापाची पाठ मोडली, त्याची फेड तू कर.” चौदा-पंधरा वर्षांच्या पोरावर सगळ्या घराची फेड! बापाने पाठीवरचे पोते उतरवले आणि नकळत पोराच्या डोक्यावर ठेवले.

दुसरे कारण जागेचे आणि आवाजाचे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. एकीकडे टीव्ही चालू, दुसरीकडे धाकटी पोरे भांडतात, पाणी आले की हंडे भरायचे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते. तेव्हाच लग्नसराई असते. हळदीच्या रात्री मोठमोठे भोंगे लागतात. शेजारच्या घरी लग्न असते आणि ह्या घरी उद्या गणिताचा पेपर! रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे लावू नयेत, असा नियम २००० सालापासून आहे. पण नियम पाळायचा तर आपणच पाळायला हवा. आपल्या घरच्या हळदीला दहा वाजता भोंगा बंद केला, तर गल्लीतली चार मुले आपल्याला दुवा देतील.

तिसरे कारण झोपेचे आणि कामाचे. ह्या वयात मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. दिवसभर शिकलेले झोपेत मनात पक्के बसते. रात्र जागून काढणारा मुलगा एका हाताने पाणी भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो. भाजीबाजाराचे काम रात्री आणि पहाटे चालते. कुणाचा मुलगा बापाबरोबर पहाटे बाजारात जातो आणि मग शाळेत पेंगतो. मास्तर त्याला आळशी म्हणतात. आणि मुलींचे काय? शाळा सुटली की भांडी, धुणे, धाकट्या भावाला सांभाळणे. भावाने पुस्तक उघडले की सगळे म्हणतात, “गप्प बसा, तो अभ्यास करतोय.” मुलीने उघडले की हाक येते, “अगं, आधी भाकऱ्या टाक.” शिवाय तिच्या मनात धास्ती असते. “नापास झाले तर माझं लग्न लावतील का?” ही धास्ती ती कुणाला बोलून दाखवीत नाही. तिची आई तुम्हीच आहात. तिला आजच सांगा, नापास झालीस तरी लग्नाची घाई होणार नाही. कायद्यानेही अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावता येत नाही.

चौथे कारण शाळेचे. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना नापास करणे बंद झाले. महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षेचा नियम केला. पण पुष्कळ मुलांचे गणित, वाचन चौथी-पाचवीतच कच्चे राहिलेले असते. वर्ग पुढे जातो, पाया मागे राहतो. नववीत बीजगणित आले की सगळे एकदम अंगावर येते. पाचवीचे अपूर्णांक येत नाहीत म्हणून नववीचे गणित अडते. पोराला वाटते, आपण मठ्ठ आहोत. तो मठ्ठ नसतो. त्याच्या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या तुटलेल्या असतात. त्या दुरुस्त करायला मास्तरांना सांगा. ह्यात लाज कसली? आपण ह्या वयात मुळाक्षरे शिकतोच ना?

पाचवे कारण तुलनेचे. “शेजारच्या पोरीला नव्वद टक्के पडले.” हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मुलाच्या काळजात ते काट्यासारखे राहते. त्यात भर मोबाईलची. निकाल लागला की ज्याचे त्याचे टक्के घटकाभरात साऱ्या नात्यात फिरतात. ह्या वयात अंगात बदल होतात, आवाज फुटतो, तोंडावर मुरमे येतात, पाळी सुरू होते. आपण इतरांना कसे दिसतो, ह्याची मुलांना मोठी काळजी असते. चारचौघांत पाणउतारा झाला, तर तो विसरत नाहीत.

आता परीक्षेविषयी खरे काय ते ऐका. पुष्कळ भीती माहिती नसल्यामुळे वाटते.

पूर्वी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. १९४९ सालापासून एस.एस.सी. सुरू झाली. त्या वेळी ती अकरावीला असे. १९७५ सालापासून ती दहावीला आली. आज ही परीक्षा राज्याचे मंडळ घेते. मंडळाच्या मुंबई विभागाची कचेरी आपल्या वाशीतच आहे. पास व्हायला शंभरापैकी पस्तीस गुण लागतात. बहुतेक विषयांत वीस गुण तोंडी परीक्षेचे किंवा शाळेत केलेल्या कामाचे असतात. म्हणून वर्षभर शाळेत हजर राहणे फार मोलाचे.

बरे, नापास झाला तर? २०१५ सालापासून मागे राहिलेल्या मुलांची फेरपरीक्षा त्याच पावसाळ्यात होते. पहिल्यासारखी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. एक-दोन विषय राहिले असतील, तर अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळण्याची सोय आहे. शाळा सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. दहावीनंतर आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. आणि २०२१ साल आठवा. करोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षा झालीच नाही. शाळेतल्या कामावरून निकाल लावला. त्या मुलांचे पुढचे शिक्षण चालूच राहिले. मग एका पेपरात गुण कमी पडले, तर आयुष्य कसे थांबेल?

आपण मात्र परीक्षेआधीच टक्क्यांवरून भांडतो. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, तशी ही गत.

मग करायचे काय? पुष्कळ काही करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

घरात रोज दोन तास टीव्ही बंद ठेवा. मुलाचा टीव्ही बंद आणि बापाचा चालू, असे नको. घरात जागा नसेल तर शाळेत, देवळात, समाजमंदिरात चार मुलांना बसता येईल का, ते विचारा. वस्तीत अभ्यासिका असेल तर मुलीलाही तिथे पाठवा. जाताना-येताना तिला सोबत द्या. परीक्षेच्या दोन महिन्यांत घरचे काम मुलगा-मुलगी दोघांत सारखे वाटा. रात्री वेळेवर झोपू द्या. रोज अर्धा तास खेळू द्या. खेळणे म्हणजे वेळ फुकट घालवणे नव्हे.

“आम्हाला गणित येत नाही, आम्ही काय मदत करणार?” असे तुम्ही विचाराल. मुलाला म्हणा, “आज काय शिकलास, मला समजावून सांग.” तो सांगेल. सांगताना त्याचेच पक्के होईल. त्याला न आलेले उद्या मास्तरांना विचारायला सांगा. शाळेत पालकसभा असते. “आपल्याला काय कळतंय,” म्हणून तिथे जाणे टाळू नका. मजुरी बुडते हे खरे. तरी वर्षातून दोनदा जा. आता तुम्हाला सही करता येते. प्रगतिपुस्तकावर अंगठा नको, सही करा. मुलाला त्याचा किती हुरूप येतो, ते बघा.

आणि माथाडीबांधवांनो, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. जड पोते एकट्याने पाठीवर घेता येत नाही. दुसरा हात लावतो, नीट बसवतो, मग माणूस चालू लागतो. मध्ये कुठेतरी टेकवायला जागाही लागते. मुलाला तेवढेच द्या. चालायचे त्यालाच आहे. आपण हात लावायचा, आणि टेकायला जागा द्यायची.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती नीट लक्ष देऊन ऐका.

काही मुलांचा ताण फार वाढतो. मुलगा कित्येक दिवस झोपत नाही. मित्रांना भेटत नाही. आवडीच्या वस्तू वाटून टाकतो. “मी नसतो तर बरं झालं असतं,” असे बोलतो. असे ऐकले तर रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसवा आणि सरळ विचारा, “बाळा, जीव नकोसा वाटतो का?” विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट, कुणीतरी विचारले म्हणून मुलाला मोकळे वाटते. त्याला एकटे सोडू नका. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात न्या. मनाचा आजार हाही आजारच आहे. ताप आला तर आपण देवऋषाकडे थांबत नाही, दवाखान्यात जातो. इथेही तसेच करा.

रात्री-अपरात्री काय करावे? १४४१६ हा नंबर लिहून घ्या. सरकारची ही फोनसेवा २०२२ साली सुरू झाली. तिचे नाव टेलिमानस. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हाही नंबर आहे. आज वहीत आकडे लिहायचा धडा आहेच. हे दोन आकडे पहिले लिहा. घरी जाऊन भिंतीवर लावा.

निकालाचा दिवस येईल. त्या दिवशी मुलगा घरी येईल तेव्हा आधी टक्के विचारू नका. आधी जेवायला वाढा. जेवण झाल्यावर आकडा विचारायला सगळा दिवस पडला आहे. कमी गुण मिळाले तरी ह्या घरात आपले ताट मांडलेले आहे, एवढे त्याला कळले, तर तो फेरपरीक्षेला पुन्हा उभा राहील.

बोलणे संपले. आता वह्या उघडा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या घरी मुलाला किंवा मुलीला अभ्यासाला कुठली जागा आहे?
२. मुलगा आणि मुलगी ह्यांना घरकाम सारखे मिळते का?
३. दहावीला मागे राहिलेल्या मुलासाठी कोणकोणत्या वाटा आहेत?
४. मदतीचे दोन फोन नंबर न पाहता लिहून दाखवा.