उंबरठा नव्हे, रस्ता पाहावा

(पावसाळ्यापूर्वीच्या केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



पुराच्या काळात काय करावे आणि काय करू नये, यासंबंधीच्या सूचना आपणांस दर वर्षी मिळतात. त्यांतील कलमे पुन्हा वाचून दाखविण्यात मी आपला वेळ घेणार नाही. आज एकाच गोष्टीचा आपण नीट विचार करावा, अशी माझी इच्छा आहे. ती गोष्ट म्हणजे घर सोडून निघण्याची वेळ. ही वेळ कशावरून ओळखावी, ती केव्हा ठरवावी आणि ती ठरविण्यात गावच्या शिक्षकाचा वाटा कोणता, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे जिल्ह्याबाहेर पाहू. समुद्रकाठच्या लोकांना चक्रीवादळाचे भय असते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर जे महाचक्रीवादळ आदळले, त्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यालगत पक्की निवारागृहे उभारली. त्यांतील पुष्कळ इमारतींत एरवी शाळा भरते. गावोगावी स्वयंसेवक तयार केले आणि वादळाची सूचना मिळताच माणसे हलविण्याची शिस्त बसविली. ३ मे २०१९ रोजी 'फनी' वादळ पुरीजवळ धडकले, त्याच्या आधीच बारा लाखांच्या आसपास माणसे सुरक्षित जागी पोहोचली होती. घरे पडली, झाडे उन्मळली, विजेचे खांब मोडले. पण ओडिशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. आपल्या कोकणातही ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना आधीच हलविले होते. वादळ थोपविणे मनुष्याच्या हाती नाही. त्याच्या वाटेतून वेळीच बाजूला होणे मात्र त्याच्या हाती आहे.

आपण घाटमाथ्याच्या या अंगास राहतो. समुद्राचे वादळ आपल्या दारी येत नाही. आपल्या दारी येते ते पाणी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी चिखलीच्या प्रयाग संगमापाशी एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पाऊस कोसळतो तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूस, आणि ते पाणी शिरोळपर्यंत उतरावयास वेळ लागतो. त्यातच कृष्णा स्वतः तुडुंब असली म्हणजे पंचगंगेचे पाणी तिच्यात सामावत नाही व ते मागे फुगत जाते. म्हणून शिरोळात ऊन पडलेले असताही पाणी चढत राहते. हे ज्यास ठाऊक नाही, तो आकाशाकडे पाहून निर्धास्त होतो. मुलांस प्रथम शिकवावयाचे ते हेच की, पूर आपल्या डोक्यावरच्या ढगावरून ओळखावयाचा नसतो. तो वरच्या अंगाच्या पावसावरून, धरणांतील विसर्गावरून आणि नदीच्या पातळीवरून ओळखावयाचा असतो.

या व्यवस्थेत एक मोठी सोय आहे. चक्रीवादळाप्रमाणेच आपला पूरही सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. तेथे ३९ फुटांस इशारा पातळी व ४३ फुटांस धोका पातळी मानतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ती वार्ता सर्वत्र पोहोचते. म्हणजे सूचना मिळत नाही अशी तक्रार आपणांस सहसा करता येणार नाही. मग माणसे अडकतात का?

याचे उत्तर ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दिले. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोळ व करवीर तालुक्यांतील कित्येक गावांस वेढा पडला, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आणि माणसे बाहेर काढण्यासाठी आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर सैन्य व नौदल यांच्याही नावा आणाव्या लागल्या. अडकलेल्यांपैकी अनेकांस सूचना मिळालेली होती. परंतु त्यांच्या मनात २००५ च्या पुराची खूण पक्की होती. 'पाचच्या पुरात आमच्या पायरीला पाणी लागलं न्हाई, आता कुठलं येतंय?' हे वाक्य नदीकाठच्या गावांत आपण सर्वांनी ऐकले आहे. तो पूर मोठा होता, म्हणून तोच शेवटचा, असा हिशेब लोकांनी केला. नदी असा हिशेब मानीत नाही. २०१९ ने २००५ ची खूण बुडविली, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा घरांत आले.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणूस पाणी मोजतो ते आपल्या उंबरठ्यापासून. वास्तविक गावात उंबरठा बुडण्याच्या पुष्कळ आधी रस्ता बुडतो. ओढ्यावरची मोरी, मळ्याकडचा सखल भाग, बंधाऱ्यावरची वाट ही प्रथम पाण्याखाली जातात. त्यानंतर घर कोरडे असले तरी ते बेट झालेले असते. तेथून पुढे निघावयाचे म्हणजे दुसऱ्याच्या नावेवर अवलंबून राहावे लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे काय घडले, हे आपणांस ठाऊक आहे. पुरातून सुटण्यासाठी नावेत बसलेली माणसे नाव उलटून बुडाली. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. त्या माणसांस दोष देणे हा अधर्म होईल. परंतु त्यांच्या मरणापासून आपण एवढे तरी शिकले पाहिजे की, शेवटच्या नावेवर गर्दी होऊ द्यावयाची नसेल, तर पहिल्या कोरड्या वाटेने निघाले पाहिजे.

हाच विचार चौथीच्या वर्गात गणिताच्या तासाला शिकविता येईल. समजा, नदीचे पाणी दर तीन तासांस अर्धा फूट चढते आहे आणि आज सकाळी सहा वाजता ते ३९ फुटांवर आहे. ४३ फुटांस ते केव्हा पोहोचेल? मुले सांगतील, चोवीस तासांनी, म्हणजे उद्या सकाळी सहाला. आता पुढचा प्रश्न विचारावा : गावचा रस्ता ४१ फुटांस बुडतो, तर आपल्या हाती किती तास आहेत? उत्तर बारा तास येते, म्हणजे आज संध्याकाळी सहा वाजता वाट बंद. आणि पाणी चढण्याचा वेग दुप्पट झाला तर? सहाच तास, दुपारी बारालाच वाट बंद. हे उदाहरण मूल घरी जाऊन आजोबांस सांगेल, तेव्हा दहा भाषणांचे काम होईल. मात्र आपल्या गावचा रस्ता नेमका कोणत्या पातळीस बुडतो, हे शिक्षकाने जाणत्या शेतकऱ्यांस, तलाठ्यास व ग्रामसेवकास विचारून आधी लिहून घेतले पाहिजे. शिरोळकडील गावांनी राजाराम बंधाऱ्यावर विसंबू नये. त्यांनी आपल्या जवळच्या, कृष्णेवरील पातळीशी हा मेळ घालावा.

माणसे घर सोडीत नाहीत, याची आणखी कारणे आहेत, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. पहिले कारण दावणीची जनावरे. आपल्या जिल्ह्यात म्हैस म्हणजे घरचे चालते उत्पन्न आहे. तिला दाव्यास बांधून निघून जा, असे सांगणाऱ्याचे कोण ऐकेल? म्हणून जनावरे माणसांच्या आधी हलवावयाची असतात. कोणत्या पाहुण्याच्या गावी, कोणत्या माळावर, वैरण कोठून, हे जूनमध्येच ठरले पाहिजे. एवढे करूनही वेळ आलीच, तर दावे तोडून जनावर मोकळे करावे. बांधलेले जनावर हमखास बुडते. दुसरे कारण चोरीचे भय. त्यावर उपाय असा की दागिने, सातबारा, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक व मुलांचे दाखले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घरच्या बाईजवळ असावी. तिसरे कारण अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस. त्याला उचलण्यास चार माणसे व एक गाडी लागते. ती ऐनवेळी मिळत नाहीत. चौथे कारण लाज. 'आम्ही पळालो आणि पाणी आलंच न्हाई, तर लोक हसतील.' हे कारण कोणी उघड बोलत नाही, पण तेच सर्वांत बळकट असते.

या लाजेवर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नृसिंहवाडीस कृष्णेचे पाणी देवळात शिरू लागले की श्रीदत्तांची उत्सवमूर्ती उंच जागी नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पाणी उतरले म्हणजे परत आणतात. 'मागच्या वर्षी पाणी इतके आले नव्हते, यंदा देव येथेच राहू देत,' असे तेथे कोणी म्हणत नाही. पाण्याची खूण ठरलेली, जागा ठरलेली, नेणारे ठरलेले. देवास वेळीच हलविण्यात ज्या गावास कमीपणा वाटत नाही, त्या मुलखातील माणसांस स्वतः हलण्यात कमीपणा का वाटावा? करवीर तालुक्यातील चिखली व आंबेवाडीच्या लोकांस सोनतळीची उंच जागा आहे. पाणी वाढू लागले की ते तिकडची वाट धरतात. अशी जागा व अशी वाट प्रत्येक नदीकाठच्या गावास हवी.

आता शिक्षकाचे प्रत्यक्ष काम. आपण तहसीलदार नाही आणि पोलीसही नाही. गाव हलविण्याचा हुकूम देणे हे आपले काम नव्हे. परंतु कोणत्या घरात कोण आहे, हे हजेरीपटामुळे आपणांस जितके ठाऊक असते, तितके इतर कोणास क्वचितच असते. शाळा उघडल्यापासून पहिल्या पंधरवड्यात एक वही करावी. तीत चालता न येणारी माणसे, गरोदर व बाळंत स्त्रिया, एकटे राहणारे वृद्ध, ऊसतोडीचे व वीटभट्टीवरचे बाहेरगावचे कुटुंब, यांची नोंद असावी. प्रत्येक नोंदीपुढे त्यांस घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. वहीची एक प्रत सरपंचाकडे व एक पोलीस पाटलाकडे द्यावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

शाळेची इमारत निवाऱ्यासाठी द्यावयाची असेल, तर ती स्वतः पुराच्या बाहेर आहे ना, हे आधी पाहावे. २०१९ साली जेथे पाणी शिरले ती खोली निवारा होऊ शकत नाही. जनरल रजिस्टर, दाखल्यांची पुस्तके व शालेय पोषण आहाराचा तांदूळ पहिल्या इशाऱ्यालाच उंचावर न्यावा. जनरल रजिस्टर भिजून गेले, तर एखाद्या मुलाच्या जन्मतारखेचा व जातीचा पुरावाच गेला, असे समजावे. निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली, रात्री दिवा आणि उकळलेले पाणी या तीन गोष्टींची कुचराई होऊ नये.

निघण्याच्या दिवशी करावयाची कामे थोडी आहेत. विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसची टाकी बंद करावी, औषधे व दोन दिवसांचा शिधा घ्यावा आणि उजेड असताना निघावे. पुलावर पाणी वाहत असेल, तर ते गुडघाभर दिसले तरी त्यात पाय घालू नये व गाडी तर मुळीच घालू नये. पाणी पाहण्यासाठी मुलांस पुलावर नेऊ नये. पूर ओसरल्यावर घरात शिरताना लाकडांचा ढीग, चूल व कोनाडे काठीने तपासावेत, कारण सापही कोरडी जागा शोधीत आलेले असतात. विहिरीचे व आडाचे पाणी शुद्ध केल्याखेरीज तोंडास लावू नये.

एक शेवटची गोष्ट. एखाद्या वर्षी आपण लोकांस हलविण्यास साहाय्य कराल आणि पाणी रस्त्यापर्यंत येऊन परत फिरेल. तेव्हा गावात कोणी म्हणेल, 'गुरुजींनी उगाच हेलपाटा घातला.' ते शांतपणे ऐकून घ्यावे. व्यर्थ गेलेला हेलपाटा दोन दिवसांत भरून निघतो. त्या वर्षी हजेरी घेताना पटावरचे प्रत्येक मूल 'हजर' म्हणून उत्तर देईल, आणि आपल्या कामाची दुसरी पावती शिक्षकास नको असते.

केंद्रातील प्रत्येक शाळेने ही वही व गावच्या वाटेचा नकाशा जूनअखेर तयार ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.