टाळ हातात, लक्ष कुठं?



आम्ही हरिपाठ मंडळातल्या बाया बोलतोय. आज आमचीच एक चूक सांगायची आहे. तुमच्या गावात तसं होत असेल, तर वेळेवर ध्यानात यावं म्हणून.

रोज दिवेलागणीला आम्ही विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ म्हणतो. अर्धा तास लागतो. कोणी रानातून तशीच येते, कोणी कडेवर पोर घेऊन येते. सुरुवातीला पाय मातीचे असायचे, पण आवाज एक लागायचा.

मग चैत्रातला सप्ताह आला. दिंडीत सगळ्यांनी एकसारखी साडी नेसायची, असं ठरलं. हौस होती, त्यात वाईट काही नव्हतं. पण रंगावरून दोन तट पडले. मोबाईलवर साड्यांचे फोटो फिरू लागले. पंधरा दिवस आम्ही हरिपाठ घाईत उरकायचो आणि साडीवर तासभर बोलायचो. शेवटी सातशे रुपयांची साडी ठरली. सप्ताह पार पडला. फोटोही झकास आले.

त्या फोटोत आमची एक मैत्रीण नव्हती. हे आमच्या ध्यानात आलं तीन आठवड्यांनी! रोज मांडीला मांडी लावून बसणारी बाई येईनाशी झाली, आणि आम्हाला पत्ता नाही.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. नवरा आजारी होता, ती रोजानं कांदा काढायला जात होती. तिनं चहा टाकला. म्हणाली, "सातशे रुपये कुठून आणू, बाई? साडी नाही तर दिंडीत उभी कशी राहू? म्हणून आले नाही. हरिपाठ काय, भाकरी थापताना म्हणतेच मी."

आमच्या माना खाली गेल्या. देवळात बसून आमचं चित्त साडीत होतं, आणि ही चुलीपुढं बसून हरिपाठ म्हणत होती.

परत येताना जनाबाईचा विषय निघाला. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला आली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, सगळं तिच्याच अंगावर. तिला वेगळा देवघराचा वेळ कोण देणार? तरी तिच्या नावावर तीनशेहून जास्त अभंग आहेत. विठ्ठल तिला दळू लागायचा, असं आपल्या आज्या सांगायच्या. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, तिथं आपल्यातल्या कित्येकींनी हात लावला असेल. कामामुळं तिचं नाम सुटलं नाही. आपलं मात्र देवळात बसून सुटलं.

काम, पोरंबाळं, बचत गटाचा हप्ता, हे सुटणार नाही आणि सुटूही नये. पण ज्यासाठी जमलो ते बाजूला पडून बाकीचंच मोठं होतंय का, हे अधूनमधून बघायला हवं.

आम्ही तीन गोष्टी केल्या. दिंडीला धुतलेलं कोणतंही लुगडं चालेल. हरिपाठाला बसताना मोबाईल देवळाच्या कोनाड्यात ठेवायचा. आणि जी दोन दिवस आली नाही, तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जायचंच. काहीजणी साडीवरून अजून रुसलेल्या आहेत. त्यांच्याही घरी आम्ही जातो.

मैत्रिणीचा नवरा आता हिंडूफिरू लागलाय. ती परत येऊ लागली. परवा उशीर झाला, तर हाताला कांद्याचा वास तसाच घेऊन आली आणि टाळ उचलून बसली.

सयांनो, आज संध्याकाळी तुमच्या मंडळात बसाल, तेव्हा आधी एकदा मोजून बघा. कोण आलं नाही?

राम कृष्ण हरी!