पहाटेची सायकल

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, पण सुट्टीमुळे नव्याने सायकल चालवायला सवड मिळते ती याच दिवसांत. जरूर चालवा, मात्र साडेपाचला निघा आणि साडेसातच्या आत घरी या. सुरुवातीला अंबाझरी तलावाकडची छोटी फेरी पुरे, सेमिनरी हिल्सचा चढ नंतर. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतातच. चालत्या सायकलवर वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. बाटलीत लिंबू, साखर, चिमूटभर मीठ घाला आणि अधूनमधून घोट घेत राहा. गरगरलं, मळमळलं किंवा भर उन्हात अंगावर काटा आला, तर तिथेच उतरा. सावलीत बसा, ओला दुपट्टा मानेवर घ्या आणि घरी फोन करून कुणाला तरी बोलवा.