लेहच्या थंडीत उभी गाडी

जानेवारीत लेहचा पारा रात्री शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. मोटरसायकल महिनोन्‌महिने उभीच. पहिला फटका बॅटरीला. पूर्ण चार्ज असली तर ती असल्या थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड मात्र जवळजवळ पाणीच झालेलं असतं. ते गोठून फुगतं आणि बॅटरी तडकते. म्हणून चार्ज करून, आधी निगेटिव्हची वायर सोडून, ती घरात आणा. इंजिन ऑइल गाडी ठेवण्यापूर्वीच बदला, जुन्या तेलातली आम्लं आतले भाग खातात. टाकी भरा, कार्बोरेटर रिकामा करा. सायलेन्सरच्या तोंडात बोळा हवाच, उंदीर टपलेले असतात! मधूनच पाच मिनिटं इंजिन सुरू करायची हौस मात्र नको. तेवढ्यात ते नीट तापत नाही, आत ओल तेवढी साचते.