गिटारचे उपेक्षित मानकरी



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होतो, तेथे गिटारसारख्या पाहुण्या वाद्याचे काय काम, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. परंतु मला आज वाद्याविषयी जितके बोलावयाचे आहे, तितकेच कीर्तीविषयीही बोलावयाचे आहे. गुण असला म्हणजे नाव होतेच, आज झाले नाही तर उद्या काळ न्याय करतो, अशी आपली एक सोयीची समजूत असते. सोयीची अशासाठी, की ती एकदा मान्य केली म्हणजे आपल्यावर काही जबाबदारीच उरत नाही. ही समजूत कितपत टिकते, हे मी चार गिटारवादकांच्या आयुष्यांवरून तपासून पाहणार आहे. त्यांतील तिघे अमेरिकेतले आहेत आणि एक आपल्याकडचे.

पहिले फ्रेडी ग्रीन. जॅझ संगीतात काउंट बेसी यांचा वाद्यवृंद फार गाजला. ग्रीन त्यात १९३७ साली दाखल झाले आणि मधला अगदी थोडा काळ सोडला तर १९८७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, तेथेच राहिले. बेसी १९८४ साली वारले. त्यानंतरही ग्रीन यांची खुर्ची रिकामी झाली नाही. एवढ्या काळात त्यांनी स्वतंत्र वादन असे जवळजवळ केलेच नाही. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या गदारोळात हे गृहस्थ वीज न जोडलेली साधी गिटार घेऊन बसत आणि चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर एक आघात करीत. त्यातही सहाच्या सहा तारा वाजवीत नसत. पुष्कळदा एकदोन स्वरच नेमके ऐकू येतील अशी बोटांची ठेवण असे. दिंडीत टाळकऱ्याचे जे काम, तेच हे काम. टाळ वेगळा ऐकू येत नाही, पण तो थांबला की पावले अडखळतात.

ग्रीन यांच्यावर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. ही जागा त्यांनी आपखुशीने पत्करली होती आणि त्यांच्या बरोबरीचे वादक त्यांना मानीत. नुकसान झाले ते श्रोत्यांचे. आपला कान स्वभावतः पुढे येणाऱ्या स्वरामागे धावतो, आणि ज्याच्या आधारावर तो स्वर उभा असतो ते ऐकायचे राहून जाते. तेव्हा उपेक्षेचे पहिले कारण आपल्या कानातच आहे. पुढच्या दोन कहाण्या मात्र इतक्या निरुपद्रवी नाहीत.

लॉनी जॉन्सन हे न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय वादक. १९२५ साली सेंट लुइस येथे एका गायनवादनाच्या स्पर्धेत ते पहिले आले आणि ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. गिटारवर त्या काळी मुख्यतः सुरावटींचे झंकार वाजत. जॉन्सन यांनी एकेक स्वर सुटा काढून, तार किंचित ओढून, गळ्यातून निघावी तशी धून वाद्यातून काढली. १९२७ साली त्यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवले आणि १९२८ साली ड्यूक एलिंग्टन यांच्याबरोबर. पुढे जगभर गाजलेल्या बी. बी. किंग यांनी ज्यांचे ऋण मानले, त्यांत जॉन्सन आहेत.

१९२८ आणि १९२९ या दोन वर्षांत जॉन्सन यांनी एडी लँग यांच्याबरोबर गिटारची जुगलबंदी ध्वनिमुद्रित केली. लँग गोरे होते आणि नामांकित होते. गोरा आणि काळा असे दोघे एका तबकडीवर बरोबरीने बसले आहेत, हे विक्रीच्या दृष्टीने गैरसोयीचे. म्हणून लँग यांचे नाव बदलून ‘ब्लाइंड विली डन’ असे छापण्यात आले. म्हणजे धडधाकट डोळ्यांच्या माणसाला केवळ कातडीचा रंग लपवण्यासाठी आंधळा करण्यात आले! लँग १९३३ साली, अवघ्या तिशीत वारले. जॉन्सन जगले, पण कसे जगले पाहा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाडलोट करीत होते. १९५९ साली ख्रिस अल्बर्टसन नावाच्या नभोवाणीवरील एका कार्यकर्त्याने त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांच्या हाती पुन्हा गिटार आली आणि नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९७० साली टोरांटो येथे त्यांचा अंत झाला.

तिसरी कहाणी एलिझाबेथ कॉटन या बाईंची आहे, आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. नॉर्थ कॅरोलायना प्रांतातील एका गरीब कृष्णवर्णीय घरात १८९३ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. लहानपणीच घरकामाला लागून त्यांनी पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. गिटार तर उजव्या हातासाठी तारा लावलेली. शिकवणारे कोणी नव्हते, तेव्हा त्यांनी तारा न बदलता गिटारच उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांकडे गेल्या आणि वरच्या तारा अंगठ्याकडे आल्या. म्हणजे सारे जग अंगठ्याने ठेका धरते आणि बोटांनी धून वाजवते, तर या बाई बोटांनी ठेका धरून अंगठ्याने धून वाजवू लागल्या. आज त्या पद्धतीला त्यांच्याच नावाने ओळखतात. आगगाडीवरचे ‘फ्रेट ट्रेन’ हे त्यांचे प्रसिद्ध गाणे त्यांनी रचले तेव्हा त्या जेमतेम अकराबारा वर्षांच्या होत्या.

पुढे लग्न झाले, संसार आला. चर्चमधील मंडळींनी सांगितले, की असले ऐहिक संगीत बरे नव्हे. गिटार बाजूला पडली ती कित्येक वर्षे. १९४० च्या दशकात वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात काम करीत असताना त्यांनी एक हरवलेली मुलगी तिच्या आईकडे पोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या ओळखीतून कॉटनबाई सीगर कुटुंबात स्वयंपाकपाणी करू लागल्या. घर लोकसंगीताच्या अभ्यासकांचे, भिंतीवर गिटार टांगलेली. एके दिवशी बाईंनी ती खाली काढली, आणि घरच्यांना कळले की आपल्याकडे भांडी घासणारी ही बाई कोण आहे. त्याच घरातील माइक सीगर यांनी त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. १९५८ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्याच्या आदल्याच वर्षी ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडमध्ये तुफान लोकप्रिय झाले होते. मात्र त्याचे कर्तेपण भलत्याच नावांवर नोंदले गेले होते आणि खरे नाव लागण्यासाठी कायद्याची पायरी चढावी लागली. १९८५ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी त्या वारल्या.

हे सारे अमेरिकेत घडले. तिथला वर्णभेद, तिथले पाप, असे म्हणून आपल्याला हात झटकता येतील. म्हणून चौथे नाव आपल्या घरचे घेतो: ब्रिजभूषण काबरा.

ज्या गिटारवर ते वाजवीत ती हवाई बेटांवरची. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादी कांडी सरकवायची. ही युक्ती १९ व्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने काढली असे मानतात. आपल्याकडे ती कलकत्त्यात रुजली, आणि पुढे वॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांतून चित्रपटगीतांच्या चाली घेऊन घरोघर पोचली. जोधपूरच्या काबरांनी ती पाहिली. घराणे संगीतप्रेमी, वडिलांनी संमती दिली ती एका अटीवर, की या वाद्यावर शास्त्रीय संगीतच वाजवायचे. उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम झाली. अट दिसते तेवढी अवघड नव्हती, असे आता म्हणता येते. कारण विचित्रवीणेवर आपल्याकडे हेच चालते. तारेवरून गोळा घसरत जातो आणि मींड सलग निघते. पडद्यांनी अडलेली गिटार कांडीमुळे मोकळी झाली, आणि राग तिच्यावर गाता येऊ लागला. पण हे कोणी करून दाखवण्यापूर्वी सुचणे सोपे नव्हते.

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका झाली. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून पुढे रागारागांतून रंगवलेला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर काबरा, तिघेही तरुण. ती तबकडी देशोदेशी गेली. पहिल्या दोघांची नावे आज या सभागृहातील शाळकरी मुलेही सांगतील. दोघांनाही पद्मविभूषण मिळाले आणि त्यात तिळमात्र अवाजवी नाही. तिसरे नाव किती जणांना सांगता येईल? काबरा अहमदाबादेत राहिले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीपासून दूर. त्यांचे वाद्य ऐकणाऱ्याच्या मनात अखेरपर्यंत थोडे परकेच राहिले. १९९४ साली विश्वमोहन भट्ट यांना ग्रॅमी मिळाले आणि भारतीय गिटार जगाला ठाऊक झाली; काबरांचे शिष्य देबाशीष भट्टाचार्य यांनीही तिला मोठे केले. ज्यांनी ही वाट पहिल्यांदा मळली ते काबरा २०१८ साली गेले.

आता आरंभीच्या समजुतीकडे येतो. काळ न्याय करतो काय? जॉन्सन यांना न्याय मिळाला तो अल्बर्टसन शोधत गेले म्हणून. कॉटनबाईंना मिळाला तो त्यांनी गिटार खाली काढली तेव्हा घरात ओळखणारे कान होते म्हणून. ती मुलगी दुसऱ्या कोणा आईची असती, तर त्या भांडी घासतच संपल्या असत्या आणि काळाला त्याचा पत्ताही लागला नसता. अशी माणसे शोधून काढणारे ज्यांना कधी भेटलेच नाहीत, ती किती असतील याची मोजदाद होऊ शकत नाही, आणि मला याच गोष्टीची खंत वाटते.

यावर उपाय मोठा नाही. तबकडीच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. कार्यक्रमपत्रिकेत साथीदारांची नावे पूर्ण छापावीत, आणि निवेदकाने ती घाईने उरकू नयेत. मैफल संपल्यावर हार घातलेल्या कलावंताभोवती गर्दी करावीच, पण त्यातून एकाने तरी मागे वाद्ये गुंडाळीत बसलेल्या माणसाजवळ जाऊन त्याचे नाव विचारावे. आणि ती जुनी तबकडी आपणांपैकी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ती पुन्हा लावून संतूर आणि बासरी यांच्यामधून वाहणारा तिसरा आवाज एकदा केवळ त्याच्यासाठी ऐकावा.